दुकानातला आजारी शॅमेलिऑन: घ्यायचा की सोडून यायचं?

शनिवारी दुपारी मुलींच्या माशांसाठी खाणं आणायला पेट शॉपमध्ये गेलो होतो. डॅलसच्या एका उपनगरातलं दुकान. काचेच्या एका पेटीत, अगदी तळाशी, एक हिरवा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, बसला होता. बाहेर लख्ख ऊन आणि याचे डोळे मिटलेले. धाकटी म्हणाली, "बाबा, याला कुणी नेलं नाही तर हा मरेल ना?" झालं. ७० डॉलर मोजून घरी आणला. आणला काय, आणली. ती मादी आहे हे मला तीन दिवसांनी व्हेटने (जनावरांच्या डॉक्टरने) सांगितलं. मुलींनी नाव ठेवलं कैरी. एकोणिसाव्या दिवशी कैरी गेली. पिंजरा, दिवे, तपासण्या, औषधं धरून तोवर ८०० डॉलरच्या वर खर्च झाला होता. आणि दुकानातल्या त्याच पेटीत नवीन पिल्लू येऊन आठवडा उलटला होता.

याला आता आठ वर्षं झाली. सध्या आमच्याकडे तात्या आहे. डोक्यावर पगडीसारखा उंच तुरा आणि कायम कुणीतरी अपमान केल्यासारखा चेहरा, म्हणून तात्या. त्याच्यामुळे ओळखीतले लोक मला दुकानातून थेट व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतात: "हा जरा मरगळलेला दिसतोय, घेऊ का?" दर वेळी तुकड्यातुकड्यांत लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं सांगतो. हे मुख्यतः अमेरिकेतल्या दुकानांत सगळ्यात जास्त दिसणाऱ्या व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल आहे. तो मूळचा येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला. मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन महाग असतो, पण तपासणी जवळपास हीच.

माझं उत्तर दहात आठ वेळा "घेऊ नका" असं असतं. उरलेल्या दोन वेळा कशा ओळखायच्या, त्यासाठी ही खटपट.

पहिली पायरी: पेटीसमोर पंधरा मिनिटं नुसतं उभं राहा

शॅमेलिऑन आजार लपवतो. जंगलात अशक्त दिसणारा आधी खाल्ला जातो, त्यामुळे शेवटपर्यंत ठीक असल्यासारखं बसून राहणं त्याच्या अंगात मुरलेलं असतं. आजार आपल्या डोळ्यांना दिसायला लागतो, तेव्हा तो बहुधा काही आठवड्यांचा जुना असतो. म्हणून एका नजरेत काही ठरवू नका.

सुरुवात डोळ्यांपासून. जागा असलेला निरोगी शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरत असतात. एक तुमच्याकडे, दुसरा मागच्या किड्याकडे. डोळ्याचा घुमट भरलेला, गोल हवा. तो आत बसला असेल, भोवती खळगा दिसत असेल, तर अंगात पाणी कमी आहे. दिवसा डोळे मिटून बसला असेल, तर कारण काहीही असो, प्रकरण गंभीर समजायचं. मात्र पाण्याचा फवारा पडत असताना डोळा फुगवून गरागरा फिरवत असेल, तर तो डोळा धुतोय. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मग पकड. त्याची बोटं दोन गटांत जुळलेली असतात, चिमट्यासारखी, फांदी आवळायला. चालताना पोट फांदीपासून उचललेलं आहे का? पुढचा पाय कोपरापासून मनगटापर्यंत सरळ आहे का? पाय धनुष्यासारखा वाकलेला, जिथे सांधा नाही तिथे कोपर असल्यासारखा दिसणारा, चालताना थरथरणारा, पकड सुटून खाली पडणारा; ही सगळी हाडं मऊ पडल्याची लक्षणं. कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्व कमी पडलं, उन्हातले अतिनील-बी (यूव्हीबी) किरण मिळाले नाहीत, की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. जबडा रबरासारखा होतो, ओठ नीट मिटत नाहीत, तुऱ्याची कड मुडपते. पुढच्या टप्प्यात जीभ बाहेर फेकता येत नाही, कारण स्नायूंनाही कॅल्शियम लागतं. जीभच नाही म्हटल्यावर शिकार संपली.

तोंडाकडे जरा जास्त वेळ द्या. तापलेल्या दिव्याखाली बसून तोंड उघडं ठेवणं म्हणजे उकडतंय, एवढंच. दिव्यापासून लांब असतानाही तोंड उघडं, मान वर ताणलेली, श्वासागणिक बारीक टिकटिक किंवा घरघर, तोंडाशी चिकट लाळेचे बुडबुडे, असं असेल तर फुप्फुसांत संसर्ग. ओठांच्या कोपऱ्यात गाठ, किंवा हिरड्यांवर पिवळट घट्ट पू, हेही वाईट. याउलट नाकपुड्यांभोवती पांढरी पूड दिसली तर ते बहुतेक वेळा शरीराने बाहेर टाकलेलं मीठ असतं. आणि अंगावर पांढऱ्या कागदासारखे पापुद्रे म्हणजे तो कात टाकतोय. हे दोन पांढरे प्रकार पाहून लोक घाबरतात आणि खऱ्या लक्षणाकडे दुर्लक्ष करतात.

गळ्याभोवती पाणी भरल्यासारखी फुगलेली कॉलर, पाठीवर किंवा तुऱ्यावर काळा भाजल्याचा डाग, शेपटीला मधेच पडलेली घडी, हेही बघून ठेवा. भाजणं दुकानांत खूप दिसतं. दिवा जाळीला टेकवलेला असतो आणि शॅमेलिऑन जाळीला उलटा लटकून त्याला पाठ लावतो. कातडी भाजतेय हे त्याला वेळेत कळत नाही.

रंगाबद्दल दोन शब्द. हा प्राणी लपण्यासाठी रंग बदलतो, हे आपण शाळेपासून ऐकलंय. प्रत्यक्षात रंगातून त्याची मनःस्थिती, ऊब आणि भांडणाची तयारी दिसते. काळपट, मळका रंग म्हणजे थंडी वाजतेय, ताण आहे किंवा दुखतंय. तुम्ही पेटीजवळ गेल्यावर गडद झाला आणि पाच मिनिटांनी उजळला, तर चांगलं. पंधरा मिनिटं तसाच मळका राहिला, तर नाही.

एक गोष्ट मला कैरीच्या वेळी कळली असती तर बरं झालं असतं. दुकानातला मुलगा म्हणाला होता, "ही फारच शांत आहे, हातावर लगेच बसते." मला तो गुण वाटला. तरतरीत व्हेल्ड शॅमेलिऑन अनोळखी माणसाच्या हातावर मुकाट बसत नाही. तो अंग चपटं करतो, फांदीच्या पलीकडे सरकतो, फुसकारतो, तोंड वासून चावायला येतो. तात्याने पहिल्या आठवड्यात माझं बोट दोनदा फोडलं. शांतपणे हातावर बसणाऱ्या पिल्लात विरोध करण्याइतकी ताकद उरलेली नसते.

दुसरी पायरी: प्राण्याकडून नजर काढून पेटीकडे

वाईट परिस्थितीत चारच दिवस राहिलेलं पिल्लू आणि तिथेच तीन महिने काढलेलं पिल्लू बाहेरून सारखंच दिसू शकतं. फरक पेटी सांगते.

वर लांब नळीचा अतिनील-बी दिवा आहे का, की नुसता पिवळा बल्ब? पाण्याचं काय? शॅमेलिऑनला साधारणपणे वाटीतलं साचलेलं पाणी हे पाणी वाटतच नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटतो. पेटीत फक्त वाटी असेल आणि पानं कोरडी ठणठणीत असतील, तर डोळे खोल का गेलेत याचं उत्तर मिळालं. तळाशी विष्ठा असेल तर ती बघा. तिच्यासोबत लघवीचा एक घट्ट गोळा असतो, त्याला युरेट म्हणतात. तो पांढरा असेल तर पाणी पुरेसं आहे, टोकाला थोडा पिवळा असेल तर चालतं, आख्खा नारिंगी असेल तर बरेच दिवस तहानलेला आहे.

एका पेटीत चार-पाच पिल्लं असतील तर सगळ्यात खाली बसलेलं आधी शोधा. ही एकलकोंडी जात आहे. एकत्र ठेवली तर थोरलं पिल्लू उबेची जागा आणि किडे बळकावतं, धाकटं मिळेल ते खाऊन खाली दबून राहतं. असं दबलेलं पिल्लू वेगळं ठेवल्यावर कधी कधी आठवड्याभरात सुधारतं. माझ्या मते दुकानातून घेण्याजोगा 'आजारी' शॅमेलिऑन असलाच तर तो या प्रकारातला.

तिसरी पायरी: विचारायचे प्रश्न

दुकानातल्या पोरांवर चिडू नका. त्यांना पगार कमी असतो, आणि सशापासून सापापर्यंत सगळं तेच सांभाळतात. साधेपणाने विचारा. हा कधी आला? शेवटचं कधी खाल्लं, तुम्ही खाताना पाहिलं का? किड्यांना कॅल्शियमची पूड लावता का? प्रजनन केंद्रातला आहे की जंगलातून पकडलेला? परत करायची मुदत किती?

"आत्ता माझ्यासमोर एक रातकिडा टाकाल का?" ही विनंती सगळ्यात उपयोगी. बहुतेक दुकानं हो म्हणतात. किडा दिसल्यावर दोन्ही डोळे त्यावर रोखले गेले, अंग पुढे झुकलं, जीभ सुटली आणि नेम लागला, तर निम्मी तपासणी झाली. बघितलं पण जीभ नुसती ओठांपर्यंत येऊन मागे गेली, तर हाडांचा आजार पुढे गेलाय. बघितलंच नाही, तर बाकी काही विचारत बसू नका.

नर की मादी, हे स्वतः बघा. व्हेल्ड नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर अंड्यातून बाहेर आल्यापासून एक छोटं टोक असतं. मादीला ते नसतं. हे कळणं गरजेचं आहे, कारण मादी नराशिवायही अंडी घालते, कधी एका वेळी पन्नासहून जास्त. त्यासाठी तिला किमान ३० सेंटिमीटर खोल ओलसर वाळूचं भांडं लागतं. ते नसेल, किंवा अंगात कॅल्शियमच नसेल, तर अंडी पोटात अडकतात आणि ती जीवानिशी जाते. कैरीचं हेच झालं. एक्स-रेमध्ये पोटभर अंडी दिसत होती आणि हाडं इतकी पुसट, की व्हेटला बोट ठेवून दाखवावी लागली.

जंगलातून पकडलेले व्हेल्ड आता अमेरिकेतल्या साध्या दुकानांत सहसा नसतात, पण इतर काही जाती अजून येतात. शॅमेलिऑनच्या जवळजवळ सगळ्या जाती सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, म्हणजे कागदपत्रांशिवाय त्यांचा देशाबाहेर व्यापार करता येत नाही. तरी कागद असले म्हणून पोटातले जंत जात नाहीत. पकडून आणलेल्या प्राण्यात जंत, कातडीखालचे परजीवी आणि प्रवासाचा ताण एकदमच येतात. पहिल्यांदा पाळणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

चौथी पायरी: दुकानाबाहेर या

खरंच बाहेर या. गाडीत बसा, एसी लावा, मुलांना ज्यूस द्या. पेटीसमोर उभं राहून कुणालाही धड विचार करता येत नाही.

गाडीत बसून जे पाहिलं त्याची वाटणी करा. थोडे खोल डोळे, लहान चण, कातीचे राहिलेले तुकडे, एखादा खरचटल्याचा डाग, ताणाने काळवंडलेला रंग, पण पकड घट्ट, जीभ चालू, डोळे उघडे: हा पाणी, ऊब आणि एकांत मिळाल्यावर बरा होऊ शकतो. बंद सुजलेला डोळा, ओठाची गाठ, थोडे वाकलेले पाय पण चालणं-खाणं चालू: याला औषध लागेल आणि पैसा लागेल. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही, हेही लक्षात ठेवा. आजार थांबवता येतो, वाक तसाच राहतो. आणि तळाशी पडून राहिलेला, दोन्ही डोळे मिटलेले, तोंड वासून श्वास घेणारा, जीभ न सुटणारा, कोपरांवर सरपटणारा, किंवा पोट फुगून खाणं सोडलेली मादी: यांतले बरेचसे उत्तम व्हेटच्या हातातही जातात.

शेवटचा गट अनुभव नसलेल्याने आणू नये. हे कठोर वाटेल. मी एकदा आणून बघितलंय.

मधल्या गटासाठी गाडीतूनच फोन लावा. फक्त कुत्री-मांजरं बघणाऱ्या कोपऱ्यावरच्या व्हेटला नाही. सरीसृप आणि उभयचर प्राण्यांच्या पशुवैद्यांची एआरएव्ही नावाची संघटना आहे. तिच्या संकेतस्थळावर आपल्या भागातले डॉक्टर शोधता येतात. विचारायचं एवढंच: शॅमेलिऑन नेहमी बघता का, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत वेळ मिळेल का? मिळत नसेल तर प्रश्न तिथेच सुटला. डॉक्टरशिवाय मधला गट हळूहळू शेवटच्या गटात जातो.

पैशांचं गणित माझ्या पावत्यांवरून देतो. तुमच्या शहरात कमी-जास्त होईल. कैरीची पहिली तपासणी, विष्ठेची चाचणी, एक्स-रे आणि औषधं: ३८५ डॉलर. जाळीचा उंच पिंजरा, नळीचा दिवा, उबेचा दिवा, फवारणीचं यंत्र, जिवंत झाडं: ३५० डॉलर. हे महिन्याचे किडे सोडून. म्हणजे ७० डॉलरच्या प्राण्यावर पहिल्याच महिन्यात दहापट खर्च. "आता बघू, पुढचं पुढे" ही आपली लाडकी पद्धत इथे चालत नाही, कारण आजारी शॅमेलिऑनकडे 'पुढे' फार थोडं असतं.

घरी पिंजरा तयार आहे का, हा प्रश्न याहून सोपा आणि याहून निर्णायक. दिवे लावून, तापमान मोजून, फवारणी तपासून उभा असलेला पिंजरा घरात नसेल, तर आज घेऊ नका. निरोगी शॅमेलिऑन दोन दिवसांचा गोंधळ सोसतो. आजारी सोसत नाही.

आणि घरात कोण आहे? सगळ्या सरीसृपांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, प्राणी धडधाकट दिसला तरी. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीपुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सरीसृपांपासून लांब राहायला सांगते. भारतातून बाळंतपणासाठी आई-बाबा सहा महिने येणार असतील, तर आजारी सरडा आणि बाळंतविडा एकाच वेळी काढू नका.

पैसे नेमके कुठे जातात

"आम्ही त्याला वाचवलं" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, कारण मीही म्हणायचो. पण दुकानाच्या बाजूने बघा. संगणकावर एक शॅमेलिऑन विकला गेल्याची नोंद होते, आणि पुरवठादाराकडून दुसरा येतो. तो कोरड्या पेटीत बसून विकला गेला, म्हणजे कोरडी पेटी पुरेशी आहे, हे दुकानाला आपणच सांगितलं.

मग करायचं काय? आधी मॅनेजरला भेटा. पोरांना नाही, मॅनेजरला. आवाज न चढवता ठोस सांगा: "डोळे आत गेलेत, पेटीत थेंबाचं पाणी नाही, अतिनील दिवा नाही. याला आज व्हेटकडे पाठवाल का?" मोठ्या साखळीच्या दुकानांत बहुधा मागे आजारी प्राण्यांची खोली असते आणि डॉक्टर ठरलेला असतो. ग्राहकाने नाव, दिवस, तपशील देऊन विचारलं की प्राणी मागे जातो, हे मी दोनदा पाहिलंय. ऐकलं नाही तर फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि शहराच्या अॅनिमल कंट्रोलकडे तक्रार करा. अमेरिकेचा केंद्रीय प्राणिकल्याण कायदा फक्त उष्ण रक्ताच्या प्राण्यांना लागू होतो, त्यामुळे तो राबवणाऱ्या कृषी खात्याकडे (यूएसडीए) जाऊन उपयोग नाही. राज्याचा क्रूरतेविरुद्धचा कायदा आणि स्थानिक यंत्रणा, हीच वाट. तशीच 'आजारी कुत्रा विकला तर भरपाई' देणाऱ्या राज्यांच्या कायद्यांवर विसंबू नका. ते मुख्यतः कुत्र्या-मांजरांपुरते आहेत.

काही वेळा मॅनेजर म्हणतो, "हा आम्ही विकू शकत नाही, तुम्ही तसाच न्या." पैसे न देता मिळणारा प्राणी ही वेगळी गोष्ट, विक्रीची नोंद होत नाही. पिंजरा आणि डॉक्टर तयार असतील तर मी तेव्हा हो म्हणतो. मात्र 'अर्ध्या किमतीत देतो' हे फुकट नव्हे, ती विक्रीच.

तात्या मला असाच, पण दुकानाबाहेर मिळाला. कॉलेजला निघालेल्या एका मुलाच्या घरी नकोसा झालेला, दोन वर्षांचा, पाय थोडे वाकलेले. सरीसृपांच्या बचाव गटांकडे असे कितीतरी येतात. आजारी प्राण्याची सेवा करायचीच हौस असेल तर ती रांग मोठी आहे. निरोगी हवा असेल, तर तीन महिन्यांहून मोठं पिल्लू थेट चांगल्या प्रजननकाराकडून घ्या. जास्त पैसे पडतील, पण वरच्या ३८५ डॉलरची पावती आठवा.

तरीही आणलात, तर पहिले तीन दिवस

पिंजरा तयार, अपॉइंटमेंट ठरलेली, पावती आणि परतीची अट वाचलेली आहे, असं धरतो. परतीच्या मुदतीबद्दल एक बारकावा: बहुतेक ठिकाणी प्राणी बदलून मिळतो किंवा त्याची किंमत परत मिळते, डॉक्टरचं बिल मात्र आपलंच.

घरी आणताना छोट्या खोक्यात आडवी काठी बसवा, वर कापड टाका. अंधारात तो शांत राहतो. टेक्सासच्या उन्हात गाडी बंद करून वाणसामान आणायला उतरू नका. जीव जायला दहा मिनिटं पुरेशी असतात.

घरी आल्यावर त्याला पिंजऱ्यात सोडा आणि निघून जा. मोठ्या नर व्हेल्डला साधारण २ फूट लांब, २ फूट रुंद, ४ फूट उंच पिंजरा लागतो. तो जमिनीवर नाही, उंचावर ठेवा. आपल्या डोळ्यांच्या पातळीवर बसायला मिळालं की निम्मा ताण उतरतो. उबेच्या जागी मोठ्या नराला सुमारे ८५ अंश फॅरनहाइट, म्हणजे २९ सेल्सिअस, पिल्लाला आणि मादीला ८० फॅरनहाइट पुरे. 'आजारी आहे, ऊब लागेल' म्हणून दिवा वाढवू नका, तहानलेला प्राणी त्याने आणखी सुकतो. रात्री सगळे दिवे बंद. लाल-निळे 'रात्रीचे' दिवेही नकोत. अतिनील-बी नळी पाठीपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटरवर, मधे काच नाही. काचेतून हे किरण येत नाहीत, म्हणून खिडकीतलं ऊन याला दिव्याची जागा देऊ शकत नाही.

सगळ्यात आधी पाणी. पहाटे दिवे लागायच्या आत आणि रात्री बंद झाल्यावर दोन-तीन मिनिटं सलग बारीक फवारा, दिवसा थेंबथेंब ठिबक. पहिली काही मिनिटं तो नुसते डोळे फिरवेल. जीभ बाहेर यायला वेळ लागतो. टबात बुडवू नका, तोंडात सिरिंजने पाणी ढकलू नका. पाणी श्वासनलिकेत जातं. बळजबरीने भरवणं तर अजिबात नको. पाणी भरून निघायच्या आधी पोटात अन्न गेलं तर ते पचत नाही, आणि मऊ जबडा उघडताना मोडतो.

पिंजऱ्यात तीन-चार लहान किडे सोडा, न खाल्लेले रात्री काढून टाका. भुकेले रातकिडे झोपलेल्या शॅमेलिऑनला चावतात. किड्यांना आदल्या दिवशी पालेभाज्या, गाजर, भोपळा खाऊ घाला, देताना डी-३ नसलेल्या कॅल्शियमची हलकी पूड लावा. डी-३ आणि जीवनसत्त्वांची पूड महिन्यातून दोनदा पुरते. आजारी प्राण्याला किती द्यायची हे डॉक्टर सांगेल. 'अशक्त आहे' म्हणून रोज द्यायला लागलात तर तेही विष होतं.

स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा काटा घ्या (मग तो परत स्वयंपाकात नको). दर दोन दिवसांनी सकाळी वजन लिहा. खाल्लं, प्यायला, विष्ठा कशी, युरेटचा रंग काय, एका ओळीत. डॉक्टरला तुमच्या काळजीपेक्षा ही वही जास्त कामाची. जाताना ताजी विष्ठा छोट्या डबीत न्या. काही तास थांबावं लागलं तर फ्रिजमध्ये, पण डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या घरी एकदा ती डबी चटणीशेजारी निघाली होती.

दुसरा कुठलाही सरीसृप घरात असेल तर नवीन पाहुणा वेगळ्या खोलीत, किमान दोन-तीन महिने, आणि दोनदा तरी विष्ठा तपासून स्वच्छ आल्यावरच त्याची भांडी एकत्र. आधी जुन्याचं काम, मग नव्याचं, मधे साबणाने हात.

थांबायचं कधी

हे आधीच ठरवा, ऐनवेळी ठरत नाही. आमच्या वहीत आता तीन ओळी असतात: पाणी आणि औषध सुरू होऊनही वजन सलग घटत असेल, सलग तीन दिवस दिवसभर डोळे मिटलेले असतील, फांदीवर बसता येत नसेल. यांतल्या दोन झाल्या की डॉक्टरला विचारायचं, आता याला दुखतंय का, आणि इंजेक्शन देऊन सोडवणं बरं का. कैरीच्या वेळी मी दोन दिवस उशीर केला. मुलींसाठी म्हणून केला. मुलींना ते जास्त जड गेलं.

भारतात असाल तर

भारतात ही चर्चा दुकानाच्या दाराशीच संपते. आपल्याकडचा रानातला शॅमेलिऑन, ज्याला सरडगुहिरा म्हणतात, तो वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार संरक्षित आहे. विकणं, घेणं, घरात ठेवणं, तिन्ही गुन्हे. दयेने विकत घेतला तरी गुन्हाच. लहानपणी सोलापूरकडे बाभळीवर तो दिसला की पोरं 'विषारी' म्हणून दगड मारायची. तो बिनविषारी आहे. ('सरड्याची धाव कुंपणापर्यंत' मधला सरडा तो नव्हे, तो बागेतला सरडा. सरडगुहिरा धावतच नाही, झुलत झुलत चालतो.) कुठे विकायला दिसला तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. परदेशी जातींनाही २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कागद न दाखवणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलू नका.

आणि पिंजरा रिकामा झाला तर

तोही भाग यायला हवा. आधी झाडं आणि लाकडाच्या फांद्या फेकून द्या, कितीही आवडत्या असल्या तरी. काही परजीवींची अंडी लाकडात टिकतात आणि साध्या साबणाने जात नाहीत. जाळी आणि प्लास्टिक गरम पाण्याने घासून निर्जंतुक करा, कडक उन्हात आठवडाभर वाळवा. अतिनील नळीवर लावल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून ठेवा. वर्षभराने ती उजेड देते, पण पुरेसे किरण नाही. कैरीची नळी अशीच जपून ठेवली होती. तात्या आला त्या दिवशी तारीख बघितली, चौदा महिने झाले होते. दुकान बंद व्हायला चाळीस मिनिटं होती, मोठीला गाडीत घेतलं आणि नवीन आणली.